राखीव साठा : एक नग

मंगळवारी दुपारी पाऊण वाजता जुने अभिलेख प्रतिमा केंद्रातल्या यंत्राची पुनर्बांधणी एक्क्याऐंशी टक्के पूर्ण झाली होती आणि ते यंत्र सांभाळणारे नरसिंगराव जिवंत होते. या दोन्ही गोष्टींची कार्यालयात स्वतंत्र नोंद नाही. दैनंदिन तक्त्यात दोनच रकाने होते, 'चालू' आणि 'बंद', आणि दोन्ही गोष्टी पहिल्या रकान्यात मावत होत्या.

त्याच वेळी हैदराबादेत, अकराव्या मजल्यावर, त्यांची मुलगी पंचशीला डबा उघडून बसली होती. पंचशीलाची नोकरी अशी, की दूरदेशीच्या कंपन्यांच्या डिस्क आजारी पडल्या की इथे बसून त्यांची शुश्रूषा करायची. त्यामुळे अप्पांच्या रोजच्या फोनमध्ये 'जेवलीस का' विचारून झालं की हल्ली यंत्राची तब्येत निघायची.

"एक्क्याऐंशी झालं बघ शीला," अप्पा म्हणाले. "परवापर्यंत होऊन जातंय."

चार नंबरची डिस्क अजून आवाज करते का, तिनं विचारलं. करायलीय, ते म्हणाले, पण आता रांगेतल्या लोकांचाच आवाज एवढा, की तिचं कोण ऐकतंय. बॅकअप घेतला का, तिनं विचारलं. अर्ज केलाय, ते म्हणाले. मग तिनं भाजी काय केली ते सांगितलं, त्यांनी गावी, कमठाण्याला, तुरीवर फुलोरा कसा आलाय ते सांगितलं, आणि दोघांनी फोन ठेवला.

बुधवारी पाऊण वाजता फोन आला नाही. एक वाजता आला, तो अप्पांच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा होता.

आता ज्यांचा या यंत्राशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. यंत्रात सहा डिस्क होत्या. सहा भावांनी मिळून घराण्याची सगळी हकिकत पाठ करावी आणि ती अशा बेतानं वाटून घ्यावी, की एखादा गेला तरी उरलेल्या पाचांना विचारून त्याच्या वाटची ओळ हिशेबानं काढता यावी, तशी ती रचना. एक गेला म्हणून काम थांबत नाही. फक्त गेलेल्याच्या वाटचं काही विचारायचं म्हटलं की पाचही जणांना झोपेतून उठवावं लागतं, म्हणून उत्तर उशिरा येतं. नवा सहावा आणला की त्याला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं, हीच पुनर्बांधणी. तेव्हा तर काम आणखी रखडतं, कारण पाचही जण दिवसभर शिकवतात आणि वर आपली नोकरीही करतात. तेवढ्यात दुसरा कुणी गेला, तर मग घराण्याची हकिकतच संपली. आणि सहाही भाऊ एकाच वयाचे, एकाच खोक्यातून आलेले असतील, तर दुसरा पहिल्याच्या मागोमाग जाण्याची शक्यता बरीच असते.

केंद्राला मंजूर पदंही सहाच होती. त्यातली दोन रिकामी होती आणि दोन्हींचा अतिरिक्त कार्यभार नरसिंगरावांकडे होता. काम चालू असल्यामुळे पदं रिकामी आहेत हे वर कुणाला पटत नव्हतं.

नरसिंगरावांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी टपाल आलं. सरकारी रिवाजाप्रमाणे कागद कन्नडमध्ये होता. पंचशीलानं तो आईला, म्हणजे कोंडाबाईला, मराठीत वाचून दाखवला. केंद्रातील यंत्र बंद पडून त्रेचाळीस गावांच्या जुन्या पहाण्यांच्या, म्हणजे शेतजमिनीच्या उताऱ्यांच्या, प्रतिमा कायमच्या नष्ट झाल्या असून, प्राथमिक चौकशीत कर्मचारी नरसिंग हे कर्तव्यावर असताना झोपलेले आढळले, सबब नरसिंग यांनी सात दिवसांत समक्ष हजर राहून खुलासा करावा. ते हजर राहू शकत नसल्यास त्याचे कारण लेखी द्यावे.

कोंडाबाईनं सगळं ऐकून घेतलं. गावं गेली, यंत्र गेलं, याचं तिला काही वाटलं नाही.

"झोपला म्हणून लिहिलेत?" तिनं विचारलं. "एकतीस वर्षं झाली लग्नाला. त्या माणसाला दुपारचं कधी आडवं झालेलं बघितलं न्हाई मी. तू जा. दुसरं काय बी मागू नको. तेवढं खोडून आण."

पंचशीला दोन दिवस अप्पांची पिशवी घेऊन बसली. नरसिंगराव पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत स्वतःकडे ठेवत. तारखेनं लावलेल्या त्या प्रती वाचताना तिला कार्यालयाचं कामकाज जेवढं समजलं, तेवढं कार्यालयालाही समजलेलं नसावं.

पहिलं पत्र यंत्रावरचा हिरवा दिवा पिवळा झाला त्याच दिवशीचं होतं. दोन नंबरची डिस्क निकामी, बदलावी. कार्यालयप्रमुख भगवानराव यांनी त्यावर शेरा मारला होता, 'काम बंद आहे काय?' नरसिंगरावांनी प्रामाणिकपणे लिहिलं, नाही. त्यावर शेरा आला, 'मग दुरुस्ती कशाची? बंद पडल्यानंतर प्रस्ताव सादर करावा.'

दुसऱ्या पत्रात, पूर्वी एका मिनिटात निघणारी पहाणीची प्रत आता पाच मिनिटं घेते, असं होतं. ही गोष्ट मात्र तातडीनं हाताळली गेली. व्हरांड्यात तीन नवे बाक आले आणि वर पत्रा घातला गेला. राजेश्वर, दुबलगुंडी या गावांकडून सकाळच्या बसनं येणाऱ्या माणसांना आता उन्हात उभं राहावं लागेना, याबद्दल त्यांनी साहेबांचे आभार मानले. प्रतीक्षेचा वेळ मोजायची पद्धतही सुधारण्यात आली. अर्ज दिल्यापासून नव्हे, तर कागद छापून बाहेर पडल्यापासून तो अर्जदाराच्या हातात जाईपर्यंतचा वेळ धरायचा ठरलं. तो चार सेकंद भरला.

तिसऱ्या पत्रात नरसिंगरावांनी नम्रपणे सुचवलं होतं, की भांडारात एक राखीव डिस्क कोरी पडून आहे, तीच द्यावी. भांडार सिद्धेश्वर यांच्याकडे होतं. सिद्धेश्वर नियमाला पक्के. त्यांनी उत्तरासोबत आदेशाची प्रत जोडली होती : 'राखीव साठ्यात किमान एक नग सदैव शिल्लक असावा.' एक नग होता. तो दिला असता तर शून्य उरला असता, आणि शून्यावर लेखापरीक्षकांचा आक्षेप आला असता. राखीव डिस्क अडचणीच्या वेळेसाठी असते, हे सिद्धेश्वर यांना मान्य होतं. पण अडचणीच्या वेळी ती वापरून टाकली तर पुढच्या अडचणीला काय दाखवायचं?

हा पेच अठरा दिवस टिकला आणि अखेर सिद्धेश्वर यांनीच तो सोडवला. निकामी डिस्क भांडारात जमा करावी, मग तिच्या बदल्यात कोरी नेता येईल. साठा एकचा एकच राहील. नरसिंगरावांनी मेलेली डिस्क आणून दिली, सिद्धेश्वर यांनी ती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि नोंदवहीत लिहिलं, 'राखीव साठा : एक नग.' त्या ओळीत खोटं काहीही नव्हतं.

पुनर्बांधणी सुरू झाली. यंत्राला एकांत दिला असता तर एकोणीस तासांचं काम होतं. नरसिंगरावांनी एक दिवस खिडकी बंद ठेवायची परवानगी मागितली. दिवा पिवळा असताना जे चालू होतं, ते डिस्क बदलल्यावर बंद का ठेवायचं, हा भगवानरावांचा प्रश्न बिनतोड होता. तरीही नरसिंगरावांनी हिशेब केला. खंडेनवमी आणि दसरा असे सुट्टीचे दोन दिवस जोडून येत होते. त्यांनी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी लिहिलेलं पत्र त्या पिशवीतलं सगळ्यात आनंदी पत्र होतं. अठ्ठेचाळीस तास कुणी प्रत मागायला येणार नाही, यंत्र एकटं सोडावं, सुट्टीनंतर दिवा हिरवा दिसेल.

नवमीला यंत्राची पूजा झाली. पूजेच्या दिवशी यंत्राला विश्रांती द्यायची असते, लोहाराचा हातोडासुद्धा त्या दिवशी चालत नाही, म्हणून ते आधी बंद करण्यात आलं. सहाही डिस्कना हळदकुंकू वाहिलं, पुढ्यात भोपळा फोडला, आणि भांडारातल्या राखीव डिस्कलाही एक फूल पोचलं. दोन दिवस यंत्रानं पूर्ण विश्रांती घेतली. त्यानंतर खटका दाबला तेव्हा पुनर्बांधणी शून्यापासून सुरू झाली आणि चार नंबरची डिस्क कुरकुरायला लागली.

दसऱ्यानंतर लगेच सेवा सप्ताह लागला. रोज पाचशे प्रती देण्याचं उद्दिष्ट होतं. नरसिंगरावांनी यंत्राला सांगितलं, लोकांचं काम आधी, तुझं नंतर. त्यामुळे पुनर्बांधणी दिवसाला बारा-तेरा टक्क्यांच्या चालीनं सरकू लागली. याच आठवड्यात त्यांनी दोन दिवसांची रजाही मागितली होती. कारण 'वैयक्तिक'. शेरा होता, 'आपल्याशिवाय चालत नाही, हे आपणांस ठाऊक आहे.' पिशवीतला तो शेवटचा कागद.

बुधवारचं पंचशीलाला चौकशीच्या दिवशी केंद्रात कळलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी नरसिंगरावांनी एका म्हाताऱ्याचा अर्ज घेतला, गावाचं नाव टाइप केलं आणि टेबलावर डोकं टेकलं. रांग शांत राहिली. महिनाभर खिडकीवर हेच चाललेलं होतं. गावाचं नाव टाकायचं आणि थांबायचं, चार नंबर अडली की पाऊण पाऊण तास. लोक थांबले. बाकावर कुणी पान लावलं, कुणी सोयाबीनचा भाव काढला. बाविसाव्या मिनिटाला एका अर्जदारानं भिंतीवरच्या तक्रारवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कर्मचारी झोपला आहे, कृपया उठवावे.' तक्रारवही दर दिवशी पाच वाजता उघडायची असते. पन्नासाव्या मिनिटाला यंत्रानं अखेर प्रत काढली. कागद छापून बाहेर आला, खाली पडला, आणि तो उचलायला कुणी वाकेना तेव्हा कुठे लोकांना शंका आली.

त्यांना घेऊन गाडी गेली. साडेबाराला त्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवण्यात आलं, कारण सेवा सप्ताह होता. दोन वाजून पाच मिनिटांनी, त्र्याण्णव टक्क्यांवर, चार नंबरची डिस्क गेली. तक्त्यातल्या 'बंद' या रकान्यात पहिल्यांदा खूण झाली, आणि बंद म्हटल्यावर सगळ्या तरतुदी लागू झाल्या. सिद्धेश्वर यांनी दहा मिनिटांत, एकही प्रश्न न विचारता, राखीव डिस्क काढून दिली. ती यंत्रात बसवण्यात आली. ती का चालत नाही, हे कुणालाच कळेना.

त्रेचाळीस गावांचे मूळ कागद प्रतिमा काढून झाल्यावर जागा अडवतात म्हणून रद्दीत गेले होते. तेव्हा आता प्रतीऐवजी 'उपलब्ध नाही' अशी चिठ्ठी द्यायची पद्धत सुरू झाली होती. शोधायचं काही नसल्यामुळे ती नऊ सेकंदांत निघे. केंद्राच्या स्थापनेपासून एवढा वेग कधी मिळाला नव्हता. पंचशीला आत गेली तेव्हा भिंतीवर त्याबद्दलचं प्रशस्तिपत्र लावायला खिळा ठोकणं चाललं होतं.

चौकशी अधिकारी सत्यभामा मॅडम कलबुर्गीहून आल्या होत्या. बाई सज्जन होत्या. त्यांनी पंचशीलाला खुर्ची दिली, पाणी दिलं, तुमचं दुःख मी समजू शकते म्हणाल्या. सगळ्या वह्या तपासून त्यांना एकच वही निर्दोष आढळली होती, ती सिद्धेश्वर यांची. दाराशी उभे असलेले सिद्धेश्वर तरीही खाली बघत होते.

"अक्का, मी काय करू," ते हळूच म्हणाले. "नियम हाय. नरसिंगअण्णा रोज माझ्यासंगट जेवत होते."

पंचशीलानं डॉक्टरांचा दाखला पुढे केला. मृत्यूची वेळ त्यात अदमासे अकरा-सव्वाअकरा होती. माणूस मेलेला होता, झोपलेला नव्हता. मॅडमनी दाखला दोनदा वाचला. अडचण त्यांनाही दिसत होती. पण तक्रारवहीतली नोंद समकालीन होती, स्वाक्षरीसह होती, आणि दाखला नंतरचा होता. शिवाय बाविसाव्या मिनिटाला ते नक्की झोपलेले नव्हते असं सांगणारा एकही साक्षीदार रांगेतून पुढे आला नव्हता. रांगेत त्या वेळी एकतीस माणसं होती.

तेव्हा भगवानराव मध्ये पडले. त्यांचा आवाज मऊ होता. घरातलंच माणूस होतं, ते म्हणाले. आपण 'झोप' काढून टाकू. 'आजार लपवून कामावर हजर राहिले' असं घालू. त्यात बदनामी काही नाही, उलट कर्तव्यनिष्ठाच दिसते. कार्यालयाला कळवलं असतं तर कार्यालयानं काय केलं नसतं?

मॅडमना तोडगा पसंत पडला. त्यांनी मसुद्यावर रेघ मारली. 'झोपलेले' हा शब्द गेला. आईनं सांगितलेलं काम झालं होतं. पंचशीलापुढे कागद आला, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं फुली होती, आणि साडेतीनची कमठाण्याची बस मिळण्यासारखी होती.

तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. आजार लपवून. एकतीस वर्षं दुपारी न झोपलेला माणूस आता लबाड ठरत होता, एवढाच फरक पडला होता.

"लपवलं असं लिहायचं नसलं तर?" तिनं विचारलं.

"मग त्यांनी कुणाला तरी सांगितलं होतं, असं दिसायला हवं," मॅडम म्हणाल्या. "रजेच्या अर्जात तर वैयक्तिक कारण आहे. इथे कुणाला बोलले नाहीत. तुमच्या आईंना?"

आईला ठाऊक नव्हतं. मॅडमनी सवयीनं प्रपत्राचं पान उलटलं. त्याच्या मागच्या बाजूला अनुक्रमांक अकरावर एक रकाना आहे, 'संबंधितांच्या प्रकृतीची पूर्वमाहिती असलेल्या व्यक्तीचे नाव व नाते.' हा रकाना आजवर कुठल्याही चौकशीत भरला गेलेला नाही, निरंक लिहायची पद्धत आहे. ज्या वाचकांच्या घरून फोनवर 'चाललंय बघ' असं उत्तर येतं आणि ज्यांना ते ऐकून हायसं वाटतं, त्यांनी तो एकदा नजरेखालून घालायला हरकत नाही. ओळ एकच आहे, पण नाव मावतं.

मॅडम निरंक लिहिण्यासाठी पेन टेकवत होत्या.

"लिहू नका," पंचशीला म्हणाली. तिनं फोन काढून टेबलावर ठेवला, उघडला मात्र नाही. त्यातलं तिला पाठ होतं. "दसऱ्याच्या बारा दिवस आधी, सकाळी नऊ वीसला, अप्पांनी मला छातीच्या पट्टीचा, ईसीजीचा, फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, गावातला डॉक्टर कलबुर्गीला जा म्हणतोय, तू बघ काय दिसतंय. त्या दिवशी मी एका परदेशी कंपनीच्या यंत्रापाशी होते. त्यांची एक डिस्क गेली होती. बाकी सगळं व्यवस्थित चालू होतं, तरी चौदा तास मी खुर्चीवरून उठले नाही. त्यांना मी सांगितलं, चालू आहे म्हणजे बरं आहे असं समजू नका, आधी भार काढा, काम थांबवा. ते माझं कामच आहे."

भगवानराव खिळा ठोकणाऱ्याला हातानंच थांब म्हणाले.

"अप्पांना मी अकरा वाजता उत्तर लिहिलं. काम करता येतंय ना, मग दिवाळीत आल्यावर बघू. त्यांनी लिहिलं, व्हय. त्यानंतर रोज फोन झाला. मी रोज यंत्राचं विचारलं."

"बाई," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हे तुम्ही घरी कुणाला सांगितलंय का? एकदा इथे नोंदवलं की ते राहतं."

"घरी सांगितलं न्हाई. कुणालाच न्हाई सांगितलं," पंचशीला म्हणाली. तिनं प्रपत्र स्वतःकडे फिरवून घेतलं, अनुक्रमांक अकरावर बोट ठेवलं आणि सावकाश, मॅडमना लिहून घेता यावं अशा बेतानं, एकेक शब्द उच्चारला. "त्यांनी लपवलं नाही. त्यांनी विचारलं होतं. पंचशीला नरसिंग. नातं, मुलगी. मला माहीत होतं."